तीन ते सहा वर्षांची लेकरं आणि आपली शाळा : नव्या मुख्याध्यापकांसाठी

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी मुख्याध्यापिका म्हणून रुजू झाले, तेव्हा शाळेच्या आवारातच अंगणवाडी होती. दोन वर्षं मी तिकडे फिरकले नाही. पोषण आहाराचा हिशोब, शालार्थवरची पगारबिलं, यू-डायसवरची शाळेची माहिती, केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) बैठका यांतच दिवस जायचा, आणि 'अंगणवाडी आपल्या खात्याची नाही' हे डोक्यात पक्कं बसलेलं होतं. तिसऱ्या वर्षी सहशिक्षकांची बदली झाली आणि पहिलीचा वर्ग माझ्याकडे आला. त्या जूनमध्ये मला कळलं, की सहा वर्षांचं लेकरू कोरी पाटी घेऊन येत नाही. त्याच्यापाशी बोलणं, भीती, सवयी, बोटांची ताकद किंवा तिचा अभाव, सगळं आधीच असतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटलंय, की मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षाआधी होतो. म्हणजे आपण ज्याला सुरुवात म्हणतो, ती खूप पुढची पायरी आहे.

त्यानंतरच्या वर्षांत जे शिकले, चुकले आणि सुधारलं, ते इथं क्रमानं लिहिते. मुख्याध्यापकानं अंगणवाडी चालवायची नाही. ताईंना, म्हणजे अंगणवाडी सेविकांना, ती नीट चालवता येईल एवढी जागा, वेळ आणि पाठबळ द्यायचं, आणि आपला पहिलीचा वर्ग त्या लेकरांच्या उंचीला आणायचा. पुढचं सगळं यासाठीच आहे.

१. पहिला पंधरवडा : नुसतं जाऊन बसा

रुजू झाल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत किमान चार वेळा अंगणवाडीत जा. हातात वही नको, मोबाइल नको, सोबत कुणी पाहुणा नको. खुर्ची मागू नका, सतरंजीवर बसा. तुम्ही खुर्चीवर बसलात की ताई उभ्या राहतात, मदतनीस पदर सावरते, लेकरं गप्प होतात, आणि तुम्हाला दिसतं ते खरं नसतं.

बसल्यावर एवढंच बघा. किती लेकरं स्वतःहून बोलतात? कोण कोपऱ्यात आहे? पाणी कुठून पितात, शी-शूला कुठं जातात, एकटी जातात की घाबरतात? खेळायच्या वस्तू त्यांच्या हाताला येतात का? हे शेवटचं नक्की बघा. आमच्याकडे खेळण्यांची पेटी कुलूपबंद होती. ताईंचा दोष नव्हता. वस्तू हरवल्या तर त्यांना भरून द्याव्या लागतील, ही भीती होती. कुलूप निघायला मला आधी ताईंच्या वरच्या पर्यवेक्षिकांशी बोलावं लागलं.

२. कोण कुणाच्या अखत्यारीत, हे आधी समजून घ्या

अंगणवाडी एकात्मिक बाल विकास सेवा योजनेतून चालते. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (गरज असेल त्याला पुढच्या दवाखान्यात पाठवणं), आरोग्य व पोषण शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा तिच्यात आहेत. म्हणजे लेकरांना शिकवणं हे ताईंच्या कामाचा एक भाग आहे, सगळं काम नाही. वजनं, नोंदी, गरोदर मातांच्या भेटी, पोषण ट्रॅकर या अ‍ॅपवरची माहिती, वर निवडणुकीचं बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं, काम हे सगळं त्याच करतात.

ताईंच्या वर पर्यवेक्षिका, त्यांच्या वर बालविकास प्रकल्प अधिकारी. आपल्या बाजूला केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी. दोन वेगळी खाती आहेत, त्यामुळे मुख्याध्यापक ताईंना आदेश देऊ शकत नाहीत. दिला तर एकदा ऐकतील, पण मन दुरावेल.

सगळ्यात मोठा सापळा इथंच आहे. शिक्षक कमी पडले की 'ताई, जरा पहिलीच्या वर्गात बसा' म्हणायचा मोह होतो. मी केलंय. त्या दिवशी अंगणवाडीतली लेकरं मदतनीस बाईंवर पडली, आणि त्यांना स्वयंपाकही करायचा होता. असं करू नका.

काही ठरवायचं असेल तर पर्यवेक्षिकांना शाळेत चहाला बोलवा, आधी तोंडी बोला, मग प्रकल्प कार्यालयाला आणि गटशिक्षण कार्यालयाला एकाच मजकुराचं पत्र द्या. पत्रात मागणी कमी आणि देऊ करणं जास्त ठेवा : 'शाळेची एक खोली, हात धुण्याची जागा आणि शनिवारचा एक तास वापरायला देत आहोत.' अशा पत्राला आम्हाला कधी अडथळा आला नाही.

एक गोष्ट आवर्जून सांगते. अंगणवाडी ही कल्पनाच मुळात महाराष्ट्राच्या मातीतली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ च्या सुमारास बोर्डीला आणि नंतर कोसबाडला ती उभी केली. लेकरं शाळेत येत नसतील तर शाळेनं लेकरांच्या अंगणात जायचं, असा तो विचार होता. आमच्या ताईंना मी हे सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग आम्ही खिचडीवाल्या बाया नाहीत तर." गाव त्यांना काय म्हणतं, ते त्या एका वाक्यात आलं. तेव्हापासून शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमात ताई व्यासपीठावर शिक्षकांच्या रांगेत बसतात.

३. गावची यादी आणि कागदपत्रं

जानेवारी-फेब्रुवारीतच ताईंसोबत बसून तीन ते सहा वयाच्या सगळ्या लेकरांची यादी करा. गावठाणातली तर होतीलच, पण तांड्यावरची, वस्तीवरची, आखाड्यावर राहणाऱ्या सालगड्यांची आणि वीटभट्टीवरची राहून जातात. ताईंच्या सर्वेक्षणाची वही आणि आशाताईंची लसीकरणाची नोंद शेजारी ठेवून जुळवा. आमच्याकडे पहिल्या वर्षी अशी सात लेकरं निघाली, जी कुठल्याच वहीत नव्हती.

पहिलीच्या प्रवेशासाठी हे कागद जमवायला सांगा :

जन्मदाखला. लेकराचं आधार, आणि पाच वर्षं पूर्ण झाल्यावरचं बोटांचे ठसे घेऊन केलेलं अद्ययावतीकरण. माता-बाल संरक्षण कार्ड, कारण लसीकरण आणि वजनाच्या नोंदी त्यात असतात. आईवडिलांचं आधार. असल्यास दिव्यांग प्रमाणपत्र. अंगणवाडीतून मिळालेलं विकासपत्र, म्हणजे लेकराच्या तयारीची नोंद.

जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश अडवायचा नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ हे स्पष्ट सांगतं. दवाखान्यातली किंवा नर्सबाईंच्या नोंदवहीतली नोंद, अंगणवाडीची नोंद, तेही नसेल तर पालकाचं लेखी निवेदन चालतं. ऊसतोडीच्या फडावर जन्मलेली कितीतरी लेकरं आपल्याकडे आहेत. त्यांच्या जन्माची नोंद दुसऱ्या जिल्ह्यात असते किंवा कुठंच नसते. प्रवेश आधी द्या, दाखल्याची धावपळ नंतर ग्रामसेवकांना सोबत घेऊन करा. प्रवेशासाठी लेकराची किंवा पालकाची परीक्षा घेणं हेही कायद्यानं बंद आहे. 'अ आ इ येतं का' विचारून प्रवेश द्यायचा नाही.

दुसरा सापळा पटाचा. संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा) एक पद जाईल या धास्तीनं साडेचार-पाच वर्षांची लेकरं पहिलीत ओढली जातात. सध्याच्या नियमानं ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हवीत. पद वाचवण्याचं दुःख मला कळतं, दोनशिक्षकी शाळेत मीही राहिलेय. पण त्या लेकराला ते पुढं दहावीपर्यंत फेडावं लागतं. वर्गात ते सगळ्यांत लहान, सगळ्यांत हळू, आणि हळूहळू 'मठ्ठ' ठरलेलं.

४. जागा आणि वस्तू

फार लागत नाही. पण जे लागतं ते लेकरांच्या मापाचं हवं. नळाची तोटी त्यांच्या हाताला येईल अशी खाली, शौचालयाच्या दाराला आतून कडी नको, उंबरठा ठेच लागेल एवढा नको. मार्चनंतर आपल्याकडे पत्र्याखाली दहा वाजल्यावर बसवत नाही, म्हणून कडुनिंबाखाली सारवलेली जागा किंवा हिरवी जाळी लावा. टँकरवर गाव असेल त्या महिन्यांत पिण्याच्या पाण्याचा माठ अंगणवाडीत रोज भरला जातो की नाही, हे स्वतः बघा.

वस्तूंची आमची यादी अशी : वाळूचा हौद (दोन घमेली वाळू आणि चार नारळाच्या करवंट्या), जुन्या सायकलचे टायर, दोरी, चिंध्यांचे चेंडू, ओली माती, झाकणं, सुपं, टोपल्या, आंब्याच्या वाळवलेल्या कोया, ज्वारीची धाटं, जुन्या साड्या, एक आरसा. आरशाला विसरू नका. दिवसभर लेकरं त्याच्यापुढं तोंडं करतात, डोळे-नाक-कान बोलायला आपोआप शिकतात.

हरभरा, तूर, चिंचोके, मणी हे तीन-चार वर्षांच्या लेकरांच्या हाती एकट्यानं देऊ नका. नाकात-कानात घालतात. आमच्या एका लेकराच्या नाकातून हरभऱ्याचा दाणा काढायला अठरा किलोमीटरवर ग्रामीण रुग्णालयात जावं लागलं होतं. त्या वयासाठी कोया, झाकणं, शेंगा बऱ्या.

पैशाचं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर मिळतं, ३१ ते १०० पटाला वर्षाला २५,००० रुपये, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. हे शाळेचं आहे, त्यातून अंगणवाडीची वस्तू घेतली तर लेखापरीक्षणात आक्षेप निघू शकतो. म्हणून दोघांना चालेल असं घ्या, म्हणजे हात धुण्याची जागा, सावली, वाळूचा हौद, आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडा. अंगणवाडीसाठी ग्रामपंचायतीकडे जा. स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के निधी महिला व बालकल्याणावर खर्च करणं ग्रामपंचायतीला बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी तो मार्चअखेरीस घाईनं कशावर तरी जातो. ग्रामसभेत ताईंनी स्वतः उभं राहून मागितलं आणि तुम्ही मागं उभे राहिलात, तर मिळतो.

५. काय शिकवायचं आणि काय मुळीच नाही

इथं जरा थांबून वाचा. सगळ्यात जास्त चुका इथंच होतात, आणि माझी सगळ्यात मोठी चूकही इथलीच.

अंगणवाडीत जायला लागले त्या पहिल्याच वर्षी उत्साहाच्या भरात मी पंचवीस पाट्या आणल्या. ताईंना म्हटलं, डिसेंबरपर्यंत सगळ्यांना अ ते ज्ञ आणि शंभरपर्यंत अंक आले पाहिजेत. भेटीला येणाऱ्या साहेबांना दाखवता येईल, असंही मनात होतं. ताईंनी मान डोलावली. महिन्याभरानं सकाळी गेले तर एक चार वर्षांची मुलगी दारातच बसून रडत होती, आत यायला तयार नव्हती. मी उचलून घेतलं तर तिनं मूठ उघडली. पेन्सिल दाबून दाबून मधल्या बोटावर लाल वळ उठला होता. ताई हळूच म्हणाल्या, "मॅडम, आधी ही सगळ्यांत आधी यायची." त्या दिवशी पाट्या कपाटात गेल्या.

चार वर्षांच्या हाताला पेन्सिल धरण्याआधी खांदा, कोपर, मनगट यांत जोर यावा लागतो. तो माती मळून, दोरी ओढून, बादलीतून पाणी भरून, कागद फाडून, कणकेचे गोळे करून येतो. लिहिणं त्याच्या मागून येतं, आणि मग लवकर येतं.

वाचनाचंही तसंच. अक्षर ओळखण्याआधी कानाला आवाज सुटे ऐकू यावे लागतात. 'काका'तला पहिला आवाज आणि 'कावळा'तला पहिला आवाज सारखाच आहे, हे लेकराच्या कानानं पकडलं पाहिजे. यमकांचे खेळ, हाताच्या टाळ्यांचे खेळ, आजीच्या ओव्या, उखाणे हे सगळं त्याची तयारीच आहे. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायांइतकं हे कुणाला येत नाही. आठवड्यातून एक दिवस एका आजीला बोलवा. लातूरकडे असताना येळवसेच्या (वेळ अमावास्येच्या, त्या दिवशी सगळे वावरात जेवतात) दुसऱ्या दिवशी आम्ही लेकरांना नुसतं बोलतं करायचो : वावरात कोप कशाची केली, भज्जीत काय काय टाकलं, आंबील कुणी सांडली. सहा-सात वाक्यं सलग बोलणारी लेकरं मी तिथं पहिल्यांदा पाहिली. पुस्तकातल्या चित्रावर ती दोन शब्द बोलायची.

गणितात पाढे नकोत. एकास एक जोडी लावणं हे आधी. दहापर्यंत घडाघडा म्हणणारं लेकरू समोरच्या सहा कोया मोजताना कधी आठ म्हणतं, कधी पाच. पंगतीत 'सगळ्यांना एकेक वाटी ठेव' म्हणा, हे मोजणंच आहे. लहान-मोठं, जड-हलकं, आधी-नंतर, आत-बाहेर हे शब्द वापरात येऊ द्या.

दिवसाचा आराखडा ताईंनाच ठरवू द्या. त्यांच्याकडे राज्याचा 'आकार' हा बालशिक्षण अभ्यासक्रम आहे, त्याचं प्रशिक्षणही त्यांना झालेलं असतं. तो तुम्हीही वाचा, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेला पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडाही वाचा. त्यात तीन ते आठ वय एकच टप्पा धरलंय, म्हणजे अंगणवाडी ते दुसरी. आपली पहिली-दुसरी अंगणवाडीच्या कुटुंबातली आहे, चौथीच्या नाही.

पालक मात्र म्हणतील, 'तालुक्याच्या इंग्रजी शाळेतली लेकरं लिहायला लागली, आपली नुसती खेळतात.' पिवळी गाडी रोज गावातून जाते, त्यांचं मन ओढणारच. त्यांच्याशी वाद घालू नका. महिन्यातून एकदा अर्धा तास वर्गात बसायला बोलवा. आपलं लेकरू गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगतंय, हे एका आईनं कानांनी ऐकलं, की तिचं समाधान तुमच्या दहा भाषणांपेक्षा जास्त होतं.

६. घरची भाषा

मराठवाड्यात तांड्यावर गोरमाटी (बंजारा), मोहल्ल्यात दखनी उर्दू, देगलूर-धर्माबादकडे तेलुगू, उदगीर-उमरग्याकडे कन्नड, किनवट-माहूरला गोंडी-कोलामी बोलली जाते. आणि जी लेकरं मराठी बोलतात, त्यांचीही मराठी पुस्तकातली नाही.

माझ्या पहिलीत तांड्यावरचा एक मुलगा जुलै संपेपर्यंत बोलला नाही. मी वहीत 'प्रतिसाद नाही' असं लिहिलं होतं. एक दिवस मधल्या सुट्टीत स्वयंपाकीण मावशींनी, त्याही तांड्यावरच्याच, ताट पुढं करून विचारलं, "बाटी खातो का?" पोरगं खुदकन हसलं आणि त्यांच्याशी भरभर बोलायला लागलं. बाटी म्हणजे भाकरी, याडी म्हणजे आई. त्याच्या भाषेतले हे दोन शब्द मला माहीत असते तर दोन महिने वाचले असते.

तेव्हापासून आम्ही प्रत्येक घरच्या भाषेतले तीस शब्द भिंतीवर लावतो : आई, पाणी, भाकर, भूक, दुखतंय, भीती, शी-शू, घरी जायचंय, असे. शी-शूचा शब्द सगळ्यांत आधी. तो न कळल्यानं लेकरं चड्डीत करतात, चिडवली जातात आणि शाळेला घाबरतात. अंगणवाडीतल्या लेकराला 'मराठीत बोल' असं म्हणायचं नाही. ताई त्याच भाषेतल्या असतील तर बरंच, नसतील तर मदतनीस बाई किंवा तांड्यावरची एखादी मोठी मुलगी रोज थोडा वेळ सोबत बसू द्या.

७. मेळावा आणि माता गट

२०२२ पासून राज्यात 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान चालतं. एप्रिलमध्ये पहिला मेळावा, जूनमध्ये शाळा उघडताना दुसरा. नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक व भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी आणि पालकांना मार्गदर्शन असे सात स्टॉल असतात. लेकरू एकेका स्टॉलवरून फिरतं आणि विकासपत्रात नोंद होते.

मेळावा छान होतो, फुगे लागतात, फोटो जातात. खरं काम मधल्या आठ आठवड्यांत असतं, आणि तेच राहून जातं. आयांचे पाच-सहा जणींचे गट गल्लीनिहाय करा, गावभर एक गट करू नका. प्रत्येक गटात एक जरा वाचता येणारी बाई पुढारी. दर आठवड्याला अभियानाच्या कार्डावरची कृती त्या लेकरांकडून घरी करून घेतात. मोबाइल सगळ्यांकडे नसतो, आणि असला तरी नवऱ्याच्या खिशात असतो, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर सगळा भार टाकू नका. मंगळवारी संध्याकाळी सातनंतर, वावरातून बाया आल्या की, एका ओट्यावर जमायचं असं आमचं ठरलेलं होतं. मी स्वतः दोन ओट्यांवर जायचे.

विकासपत्रावर 'मदतीची गरज' आलं तर ते आईला वाचून दाखवताना शब्द जपा. 'तुमचं लेकरू मागं आहे' नको. 'याला उडी मारायला, दोरीवर चालायला जरा जास्त मिळू द्या' असं सांगा.

८. पहिलीला कोण शिकवणार

आपल्याकडे हुशार शिक्षक चौथी-पाचवीला, शिष्यवृत्तीसाठी, आणि पहिली जो उरला त्याला. हे उलटं करा. सगळ्यांत धीराचा, गाणारा, मांडी घालून बसणारा शिक्षक पहिलीला द्या आणि दुसरीपर्यंत त्याच वर्गासोबत ठेवा.

जूनपासूनचे पहिले बारा आठवडे 'विद्याप्रवेश' या खेळातून तयारीच्या कार्यक्रमाचे आहेत. ते खरंच बारा आठवडे चालू द्या. दुसऱ्या आठवड्यात 'पाठ कुठवर आला' असं शिक्षकांना विचारू नका, तुम्ही विचारलं की ते पुस्तक काढतात. एप्रिलमध्ये पहिलीचे शिक्षक आठवडाभर अंगणवाडीत रोज अर्धा तास बसावेत आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात ताई पहिलीच्या वर्गात थोडा वेळ याव्यात. ओळखीचा चेहरा दिसला की रडणं निम्म्यानं कमी होतं, हे आमच्याकडे तीन वर्षं सलग दिसलं.

९. ऊसतोड आणि लहान भावंडं

दसरा-दिवाळीनंतर कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, बाहेर पडतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. पहिली ते आठवीच्या लेकरांसाठी गावात हंगामी वसतिगृह चालवता येतं, व्यवस्थापन समितीमार्फत. त्याचा प्रस्ताव माणसं निघायच्या आधी गेला पाहिजे, दिवाळीनंतर हलवून उपयोग नाही. पण तीन ते सहाची लेकरं त्यात बसत नाहीत, ती आईसोबत फडावर जातात. आणि त्यांना सांभाळायला चौथी-पाचवीतली बहीण जाते.

मला हे उशिरा लक्षात आलं : मोठ्या मुलीची गळती थांबवायची असेल तर धाकट्याची सोय आधी करावी लागते. आजी-आजोबा गावात असतील तर बोलून धाकट्याला अंगणवाडीच्या भरवशावर मागं ठेवता येतं का बघा. मात्र दोन-अडीच वर्षांच्या लेकराला आईपासून तोडायचा आग्रह धरू नका. ते बरोबर नाही.

जाणारच असतील तर निघण्याआधी घरोघर जाऊन हे लिहून घ्या : कोणता कारखाना, कोणता तालुका, मुकादमाचा नंबर, परतायचा अंदाज. ताईंकडून पोषण ट्रॅकरवर स्थलांतराची नोंद करून घ्या, म्हणजे तिकडच्या अंगणवाडीत आहार आणि लसीकरण मिळायला अडचण येत नाही. शाळेतल्या मुलांना शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं. माता-बाल कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हाती द्या, खोपीत पाऊस आणि पाचटाची धूळ सगळं खाऊन टाकतं. डिसेंबरात एकदा फोन करा. लेकराचं नाव घेऊन विचारलं की आई रडते, आणि परत आल्यावर पहिल्या दिवशी लेकरू घेऊन येते.

गावात राहणाऱ्यांचंही एक आहे. अंगणवाडी दुपारी सुटते, शाळा पाचला. मधल्या वेळात मोठी बहीण धाकट्याला घेऊन वर्गात येते. त्याला हाकलू नका, बहीणही घरी जाईल. वर्गाच्या मागं सतरंजी आणि खेळण्याची टोपली ठेवा.

१०. तब्येत

थोडक्यात सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. तारीख आधी विचारून त्या दिवशी हजेरी पूर्ण राहील असं बघा. पथक येऊन गेल्यावर ज्यांना पुढं पाठवायला सांगितलंय त्यांची यादी मागून घ्या आणि महिन्यानं कोण खरंच गेलं ते तपासा, कारण एसटीचं भाडं आणि बुडणारी मजुरी यात निम्मे पालक अडतात. दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरलेलं पाच वर्षांखालचं लेकरू तीव्र कुपोषित धरतात. त्याला थांबायला वेळ नसतो, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात कळवा.

आणि 'ऐकत नाही, मस्ती करतं' अशी तक्रार आली की आधी कान बघून घ्या. कान फुटून महिनोन्‌महिने वाहत असलेली लेकरं आपल्याकडे आहेत. त्यांना ऐकूच येत नाही.

११. फाईल

आपल्या बदल्या होतात, आणि घडी बसलेलं दोन महिन्यांत विस्कटतं. म्हणून एक साधी फाईल ठेवा. तिच्यात तीन ते सहाची अद्ययावत यादी, दोन्ही कार्यालयांना दिलेली पत्रं, समितीचे आणि ग्रामसभेचे ठराव, माता गटांच्या पुढाऱ्यांची नावं, भाषेच्या शब्दांची पानं, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची माहिती. नव्या मुख्याध्यापकांना कार्यभार देताना कपाटाच्या किल्ल्या आणि रोकडवहीसोबत ही फाईलही यादीत लिहून द्या, सही घ्या. आणि सही झाल्यावर त्यांना घेऊन अंगणवाडीत जा, ताईंची ओळख करून द्या, सतरंजीवर सोबत बसा.